तंबाखू आणि व्हेपच्या विक्रीला स्थानिक परवाना: नुसता दंड पुरतो का?

रानजाई

हा विषय वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्यांनी येतो आणि मधेच विरून जातो, म्हणून वेगळा धागा काढतेय. तंबाखू आणि व्हेप (म्हणजे ई-सिगारेट) विकणाऱ्या प्रत्येक दुकानाला नगरपालिका, कौंटी, कौन्सिल, जिथे जी स्थानिक संस्था असेल तिचा स्वतंत्र परवाना सक्तीचा असावा का? असावा, तर त्या परवान्यात नेमकं काय लिहिलेलं असावं?

माझं मत आधीच सांगून टाकते: असावा. आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम म्हणजे तो काढून घेता येण्याचं. बाकीची कलमं त्याच्या आधाराने उभी राहतात.

अल्पवयीनांना विकू नये हा कायदा बहुतेक देशांत आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातलं कलम १६ त्याच्यासाठीच आहे. हा करार २००३ मध्ये स्वीकारला गेला आणि २००५ पासून लागू झाला. पण कायदा मोडला तर पुढे काय होतं ते बघा. भारताच्या २००३ च्या कायद्यात १८ वर्षांखालच्यांना विक्री आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्री या दोन्हींवर कलम ६ ने बंदी आहे. शिक्षा? कलम २४ प्रमाणे जास्तीत जास्त २०० रुपये दंड. दंड भरला, पावती घेतली, पुढच्या गिऱ्हाइकाला माल दिला. दुकानाच्या विकण्याच्या मुभेला कुठे धक्काच लागत नाही. इतर देशांत आकडे मोठे आहेत, पण जिथे परवानाच नाही तिथे गत तीच. दंड हा धंद्याचा एक खर्च होऊन बसतो.

परवाना आला की मुळातली मांडणी बदलते. विकणं ही अटींवर दिलेली मुभा होते. अट मोडली तर ३० दिवस विक्री बंद, पुन्हा मोडली तर जास्त, आणि नंतर परवाना रद्द. दुकानदाराला दंडाची भीती नसते, फळी रिकामी राहण्याची असते.

ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. कायद्याचे, दुकानाचे, तपासणीचे, सगळेच अनुभव हवे आहेत.

तळटीप

चांगला विषय. कायद्याच्या अंगाने थोडी भर घालतो.

ताई, तुम्ही २०० रुपयांचा दाखला दिलात तो बरोबर आहे, पण भारतातलं चित्र त्याहून विचित्र आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे एका टोकाला २०० रुपये आणि दुसऱ्या टोकाला सात वर्षं. पहिल्या शिक्षेची कुणाला झळ बसत नाही. दुसरी इतकी जड आहे की एका पाकिटासाठी गुन्हा नोंदवून खटला उभा करायला यंत्रणा सहसा धजावत नाही. आणि दोन्ही शिक्षा माणसाला होतात, दुकान तसंच चालू राहतं.

या दोन टोकांच्या मधली जागा परवाना भरून काढतो. ही प्रशासकीय कारवाई असते. पोलीस नको, फौजदारी कोर्ट नको, संशयापलीकडे पुरावा नको. तपासणी अहवाल, नोटीस, सुनावणी, आदेश, हवं तर अपील. महिन्याभरात निकाल लागू शकतो. शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती किती खात्रीने आणि किती लवकर होते यावर दुकानातलं वागणं ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

भारताच्या आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून सुचवलं होतं की तंबाखू विकणाऱ्या दुकानांना स्थानिक संस्थेमार्फत परवानगी देण्याची पद्धत आणावी, आणि अशा दुकानात बिस्किटं, चिप्स, गोळ्या यांसारख्या मुलांना खेचणाऱ्या वस्तू विकायला मनाई असावी. दुसरी अट लोकांना जाचक वाटते, पण तिच्यामागचा विचार सरळ आहे: मुलाला त्या काउंटरपाशी यायचं कारणच उरू नये.

व्हेपचं भारतात वेगळं आहे. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळंच बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्याच्यावर बंदी आहे त्याला परवाना कसला देणार? त्यामुळे व्हेपच्या परवान्याची चर्चा ही जिथे ते कायदेशीर आहे तिथलीच, हे लक्षात ठेवून बोलू.

गल्ल्यामागून

मी दुकान चालवतो, तंबाखू ठेवतो, म्हणून लिहितो. परवान्याला माझा विरोध नाही. उलट जो माणूस नियम पाळतो त्याचं नुकसान न पाळणारा शेजारी करतो, हे आम्ही रोज बघतो. मुलं कुठे मिळतं ते बरोबर हेरतात आणि तिथेच जातात. त्या दुकानाची बाकीची विक्रीही त्यामुळे वाढते. नियम पाळणाऱ्याने हे किती दिवस बघत राहायचं?

पण तीन गोष्टी मसुदा लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाहीत.

पहिली, फी. एकट्या माणसाचं दुकान आणि शेकडो शाखांची साखळी यांना सारखीच फी लावली तर मार एकट्याला बसतो. निदान ती प्रत्येक विक्रीच्या जागेमागे असावी, कंपनीमागे नसावी. आणि त्या पैशाचं काय होतं ते दिसलं पाहिजे. तपासणीवर खर्च होत असेल तर मी आनंदाने देईन. तिजोरीत जमा होऊन विसरली जाणार असेल तर तो नुसता आणखी एक कर झाला.

दुसरी, काउंटरवरच्या पोराला बळी देणं. बऱ्याच ठिकाणी दंड विकणाऱ्या नोकराच्या नावावर पडतो. तो कमी पगारावरचा, अनेकदा स्वतःच कोवळा, संध्याकाळच्या गर्दीत एकटा उभा असतो. त्याला दंड झाला की मालक त्याला काढतो, नवा घेतो, शिकवत काहीच नाही. परवाना मालकाच्या नावावर असेल आणि तोच धोक्यात असेल तर मालक शिकवेल. हे माझ्या विरोधात जाणारं बोलतोय, पण खरं तेच आहे.

तिसरी, वय ओळखणं. गर्दीत जन्मतारखेवरून वयाची वजाबाकी करताना माणूस चुकतो. आम्ही गल्ल्याला एक पाटी चिकटवतो, "आजच्या दिवशी या तारखेला किंवा त्याआधी जन्मलेल्यांनाच". रोज सकाळी दुकान उघडलं की आधी ती तारीख बदलायची. मग नोकराला हिशेब करावा लागत नाही. ओळखपत्रावरची तारीख पाटीवरच्या तारखेशी ताडून बघितली की झालं. अशा साध्या गोष्टी परवान्याच्या अटीतच का लिहीत नाहीत?

रानजाई

@गल्ल्यामागून, तुमची तारखेची पाटी फार आवडली. अटींमध्ये "वयाची खात्री करावी" एवढंच मोघम लिहितात, कशी करावी ते दुकानदारावर सोडतात. स्कॉटलंडने २०१७ पासून विक्रेत्याकडे वयपडताळणीचं लेखी धोरण असणंच सक्तीचं केलंय, जो २५ च्या आतला वाटेल त्याला ओळखपत्र विचारायचं. अमेरिकेत वयोमर्यादा डिसेंबर २०१९ पासून २१ आहे आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेरपासून ३० च्या आतल्या प्रत्येकाचं फोटो ओळखपत्र बघणं बंधनकारक आहे. मर्यादेपेक्षा वरचं वय धरलं की अंदाजाची जबाबदारी नोकराच्या डोक्यावरून उतरते. आणि तिशीतल्या माणसाला विचारलं तर तो चिडत नाही, कारण सगळ्यांनाच विचारतात हे त्याला माहीत असतं.

फीबद्दल फिनलंडचं उदाहरण द्यावंसं वाटतं. तिथे परवाना नगरपालिका देते आणि देखरेखीची वार्षिक फी विक्रीच्या प्रत्येक जागेमागे घेते. म्हणजे एकाच दुकानात दोन काउंटरवर विकायचं तर दोनदा भरा. त्यामुळे ज्यांचा तंबाखूचा धंदा नावापुरता होता त्यांना तो सोडून द्यायला आपोआप कारण मिळतं.

जुना_तपासनीस

अनेक वर्षं हेच काम केलं, आता निवृत्त आहे. इथे तपासणीबद्दल कुणी नीट लिहिलेलं नाही म्हणून जरा विस्ताराने लिहितो, कारण परवान्याचा जीव तपासणीत असतो.

आमच्या कामात एका अल्पवयीन स्वयंसेवकाला दुकानात पाठवतात. पालकांची लेखी संमती घेतलेली असते. त्याचं वय अजून मर्यादेच्या आत आहे हे त्या दिवशी पुन्हा तपासलं जातं. कपडे रोजचे, दाढीमिशा किंवा जास्त मेकअप नको, मोठं दिसण्याचा प्रयत्न नको. सकाळीच त्याचा फोटो काढून ठेवतात, म्हणजे पुढे सुनावणीत "तो पंचविशीचा दिसत होता" असं कुणी म्हणालं तर फोटो समोर ठेवता येतो. त्याला एक गोष्ट घोटून घोटून सांगितलेली असते: खोटं बोलायचं नाही. वय विचारलं तर खरं सांगायचं. ओळखपत्र मागितलं तर स्वतःचंच द्यायचं. आग्रह करायचा नाही, "नाही" म्हटलं की आभार मानून बाहेर यायचं. मोठा माणूस आत किंवा दाराशी असतो आणि व्यवहार डोळ्यांनी बघतो. दिलेल्या नोटांचे नंबर आधीच लिहून ठेवलेले असतात. विक्री झाली की वस्तू लगेच पिशवीत सीलबंद, वेळ, काउंटर, विकणाऱ्याचं वर्णन, सगळं तिथल्या तिथे कागदावर.

सगळ्यात वाईट काय वाटायचं सांगू? ओळखपत्र न मागता विकलं की वाटायचं, घाई असेल. पण ओळखपत्र मागून, हातात घेऊन, उलटसुलट बघून मग विकतात! अमेरिकेत बहुतेक राज्यांत २१ च्या आतल्यांचा वाहन परवाना उभ्या आकाराचा छापतात, म्हणजे लांबूनच कळावं. तिथेही तो हातात घेऊन विक्री झाल्याचे अहवाल असतात. म्हणून गल्ल्यामागून यांची तारखेची पाटी मलाही पटते. चूक बहुतेक वेळा हेतूतून होत नाही, सवय नसल्याने होते. आणि सवय मालकाने लावायची असते.

तपासणीला निश्चित पैसा लागतो. अमेरिकेत १९९२ च्या सायनार दुरुस्तीने राज्यांना दरवर्षी अशा अचानक तपासण्या करणं भाग पाडलं. अल्पवयीनांना विक्रीचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं तर व्यसनमुक्तीसाठीच्या केंद्रीय निधीला कात्री. त्यामुळे राज्यं हलली. पण राज्याच्या तपासणीत नमुन्यादाखल थोडी दुकानं येतात. एका गावातलं प्रत्येक दुकान वर्षातून निदान एकदा बघायचं असेल तर ते स्थानिक माणसांनीच करायला हवं, आणि त्यांचा पगार परवान्याच्या फीमधूनच निघायला हवा. फी ठरवताना आधी तपासणीचा खर्च काढा, मग त्याला परवान्यांच्या संख्येने भागा. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. एक गोल आकडा आधी ठरतो आणि तपासणी उरलेल्या पैशात.

चौथी_तुकडी

शाळेत शिकवते. माझ्यासाठी प्रश्न अंतराचा आणि दुकानांच्या दाटीचा आहे. एका दुकानाने नियम पाळला तरी शाळेपासून घरापर्यंतच्या वाटेवर दहा दुकानांच्या पाट्या आणि रंगीत खोकी मुलांच्या डोळ्यांसमोर असतात. ती वस्तू दूध-पावासारखी रोजची वाटायला लागते, आणि एकदा तसं वाटलं की वर्गात मी काहीही सांगून उपयोग होत नाही.

परवाना नसेल तर हे आटोक्यात आणायला हत्यारच नाही, कारण दुकानं किती आहेत हेच कुणाला माहीत नसतं. परवाना आला की नकाशा काढता येतो.

सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये केलेला नियम मला आदर्श वाटतो. शहराच्या ११ प्रभागांपैकी प्रत्येकात जास्तीत जास्त ४५ परवाने. शाळेपासून आणि दुसऱ्या तंबाखू विक्रेत्यापासून ५०० फुटांच्या आत नवा परवाना नाही. गरिबांच्या प्रभागांत तोवर याच्या कित्येक पट दुकानं होती. श्रीमंतांच्या प्रभागांत कमी. सरसकट एकच आकडा लावल्याने ती तफावत हळूहळू कमी व्हावी हा हेतू. फिलाडेल्फियाने २०१६ च्या अखेरीस लोकसंख्येशी सांगड घातली, प्रत्येक नियोजन विभागात १००० माणसांमागे एक परवाना, आणि शाळेपासून ५०० फूट. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये प्रत्येक कम्युनिटी डिस्ट्रिक्टची (शहरातल्या विभागाची) मर्यादा तिथल्या चालू परवान्यांच्या निम्म्यावर आणली.

माझा प्रश्न: चालू दुकानांचं काय? शाळेच्या दारासमोर आधीपासून असलेलं दुकान तसंच राहणार असेल तर आज शिकणाऱ्या मुलांना काय फायदा?

तळटीप

@चौथी_तुकडी, या तिन्ही शहरांनी चालू दुकानांचे परवाने एकदम काढले नाहीत. नूतनीकरण होत राहतं. दुकान बंद पडलं, विकलं गेलं, किंवा परवाना रद्द झाला की ती जागा बहुधा पुन्हा भरली जात नाही. संख्या गळतीने कमी होते. हे संथ आहे, मान्य. पण कोर्टात टिकतं. धंदा आजपासून बंद म्हटलं की मालमत्तेच्या हक्काचा आणि भरपाईचा वाद उभा राहतो आणि अख्खा नियम वर्षानुवर्षं स्थगितीत अडकतो. मधला मार्ग म्हणजे मुदत देणं: शाळेजवळच्या चालू दुकानांना काही वर्षं, माल आणि गुंतवणूक वसूल होईल इतकी, आणि त्या तारखेनंतर नूतनीकरण नाही.

यात सगळ्यात कळीचं कलम म्हणजे हस्तांतरणबंदी. परवाना त्या मालकाच्या नावावर, त्या पत्त्यावर. दुकान विकताना तो सोबत विकता येणार नाही. हे कलम गाळलं की परवान्यालाच बाजारभाव येतो. संख्या मर्यादित असल्यामुळे किंमत वाढत जाते, आणि मर्यादेचा फायदा मुलांऐवजी जुन्या परवानाधारकांना मिळतो. घरातल्या घरात वारसाहक्काने जाण्याबद्दल हवं तर सवलत ठेवा, पण ती लेखी आणि एकदाच.

अंतराबद्दल आणखी एक, कारण अर्धे खटले यावरच होतात. अंतर कुठून कुठे मोजायचं? दारापासून दारापर्यंत की हद्दीपासून हद्दीपर्यंत? चालत जायच्या वाटेने की सरळ रेषेत? मोठं मैदान असलेल्या शाळेत इमारतीच्या दारापासून मोजलं तर कुंपणाला खेटून असलेलं दुकानही सहज ५०० फुटांच्या बाहेर जातं. मधे वाहता रस्ता आला आणि चालायच्या वाटेने मोजलं तर समोरचं दुकान लांबचं ठरतं. भारताच्या नियमांत नंतर स्पष्ट केलं की १०० यार्ड हे संस्थेच्या भिंतीच्या किंवा कुंपणाच्या बाहेरच्या हद्दीपासून त्रिज्येने मोजायचे. एवढं एक वाक्य लिहिलं की वाद मिटतो. मसुद्यात ते नसेल तर हरकतीत पहिलं हेच मागा.

धूरमुक्त

मला वेगळी बाजू मांडायची आहे. मी बरीच वर्षं सिगारेट ओढत होतो. गोळ्या, पॅच, सगळं करून झालं, सुटली ती व्हेपने. म्हणून व्हेपची दुकानं सरसकट बंद करा असं कुणी म्हणालं की मला माझ्यासारख्यांची काळजी वाटते. सॅन फ्रान्सिस्कोचं कौतुक झालं, पण त्याच शहराने २०१९ मध्ये केंद्रीय परीक्षण न झालेल्या ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली आणि साध्या सिगारेटी दुकानांत तशाच राहिल्या. जास्त घातक वस्तू कोपऱ्यावर मिळते आणि कमी घातक मिळत नाही, हे मला पटत नाही.

परवान्याला माझा पाठिंबाच आहे. माझं म्हणणं एवढंच की परवान्याचे प्रकार असावेत. फक्त प्रौढांना प्रवेश असलेल्या दुकानाला वेगळा, किराणामालाबरोबर विकणाऱ्याला वेगळा. फळांच्या आणि मिठाईच्या चवी, रंगीबेरंगी डिस्पोजेबल, हे शाळकरी मुलांच्या नजरेच्या टप्प्यात नकोतच, याबद्दल दुमत नाही. पण ज्याला सिगारेट सोडायची आहे त्याला दारात ओळखपत्र दाखवून आत जाता यावं, जाणकाराशी बोलता यावं, अशी एक जागा राहू द्या.

रानजाई

@धूरमुक्त, तुमची सिगारेट सुटली याचा मनापासून आनंद आहे, आणि दुकानांचे प्रकार वेगळे करण्याची कल्पना मला योग्य वाटते. ऑस्ट्रेलियाने तर जुलै २०२४ पासून व्हेपची विक्री औषधांच्या दुकानांपुरतीच ठेवली आहे. परवाना देण्याऐवजी वस्तूच औषधविक्रेत्याच्या हवाली केली. ते जास्तच झालं की बरोबर, यावर तिथे वाद आहेत. पण मुलं आणि सोडू पाहणारे प्रौढ, या दोघांसाठी एकच काउंटर असू नये हा विचार दोन्हीकडे सारखाच आहे.

तळटीप

व्हेपचा विषय निघालाच आहे तर व्याख्येबद्दल सांगतो. हा मसुद्यातला सगळ्यात नीरस भाग, आणि पळवाटा नेमक्या तिथेच निघतात.

जुन्या नियमांत "तंबाखूजन्य पदार्थ" म्हणजे तंबाखूच्या पानापासून बनवलेले किंवा त्यापासून मिळवलेले पदार्थ असं लिहिलेलं असतं. अमेरिकेत २०१६ मध्ये ई-सिगारेट केंद्रीय नियमांच्या कक्षेत आल्या त्या याच व्याख्येच्या आधारे, कारण द्रवातलं निकोटिन तंबाखूपासून काढलेलं होतं. मग काही उत्पादकांनी प्रयोगशाळेत तयार केलेलं निकोटिन वापरायला घेतलं आणि म्हणाले, आमच्या वस्तूत तंबाखू नाही, हा कायदा आम्हाला लागूच नाही. मार्च २०२२ मध्ये अमेरिकी संसदेला कायद्यात दुरुस्ती करून "कोणत्याही स्रोतापासूनचं निकोटिन" असं घालावं लागलं. तोवरच्या काळात ज्या गावांची व्याख्या जुनी होती त्यांच्या परवान्यातून ही उत्पादनं निसटली.

त्यामुळे व्याख्येत चार गोष्टी हव्यातच: निकोटिन कुठूनही आलेलं असो, उपकरण, काडतूस (द्रव भरलेली कुपी), सुटा द्रव, बॅटरी वेगवेगळे विकले तरी, निकोटिन नसल्याचा दावा असलेले द्रवही, कारण दुकानात उभं राहून द्रवातलं निकोटिन तपासता येत नाही, आणि तोंडात ठेवायच्या निकोटिनच्या पुड्या. सिगारेट सोडवण्यासाठी औषध म्हणून मान्यता असलेल्या गोष्टी मात्र स्पष्ट शब्दांत वगळा.

उत्तरवारा

परवाना न देण्याची किंमत काय असते ते ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात दिसलं. तिथे परवाना पद्धत सुरू झाली ती थेट १ जुलै २०२५ ला. तोवर तंबाखू विकायला परवाना लागतच नव्हता. दरम्यान चोरट्या सिगारेटींचा धंदा गुन्हेगारी टोळ्यांच्या हातात गेला आणि २०२३ पासून मेलबर्न परिसरात तंबाखूच्या दुकानांना आगी लावण्याचं सत्र सुरू झालं. चोरट्या धंद्याचं मुख्य कारण तिथला प्रचंड कर हे मला मान्य आहे. पण कोण विकतंय याची यादीच सरकारकडे नव्हती, ही गोष्ट छोटी नाही. अवैध व्यापाराविरुद्धचा जागतिक करार २०१८ पासून लागू आहे, त्यातही पुरवठ्याच्या साखळीत परवाना हे पहिलं पाऊल मानलंय.

दुसऱ्या बाजूने सावधगिरीचाही एक दाखला. हंगेरीने २०१३ मध्ये तंबाखूची विक्री ठरावीक सरकारमान्य दुकानांपुरती आणली. दुकानांची संख्या झपाट्याने खाली आली, पण परवाने कुणाला मिळाले यावरून पक्षपाताचे जोरदार आरोप झाले. परवाने कमी आणि मागणी जास्त असली की वाटणाऱ्याच्या हातात मोठी सत्ता येते. म्हणून निकष आधी छापलेले हवेत आणि यादी सगळ्यांना बघता येईल अशी उघडी हवी.

न्यूझीलंडने २०२२ मध्ये सिगारेट विकणारी दुकानं सुमारे ६००० वरून ६०० वर आणायचा कायदा केला होता. सरकार बदललं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो अंमलात यायच्या आधीच रद्द झाला. माझं मन अजून त्यावरून हळहळतं.

चौथी_तुकडी

उत्तरवारा, म्हणजे वरचं सरकार फिरलं की खालचं सगळं वाया? मग गावांनी एवढी खटपट करायची कशाला?

तळटीप

कारण गाव आधी करतं आणि राज्य मागून येतं, असंच बहुतेक वेळा झालंय. मॅसॅच्युसेट्समधल्या नीडम या छोट्या गावाने २००५ मध्ये वयोमर्यादा २१ केली, तेव्हा अमेरिकेत ती बहुतेक ठिकाणी १८ होती. २०१९ मध्ये देशाने तेच केलं. त्याच राज्यातल्या ब्रुकलाइनने १ जानेवारी २००० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कधीच विकायचं नाही असा नियम केला आणि मार्च २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. हे सगळं स्थानिक नियमांच्या बळावर.

धोका अर्थात आहे. ओहायोत विधिमंडळाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यपालांचा नकाराधिकार डावलून शहरांचे तंबाखूविषयक अधिकारच काढून घेतले. शहरं कोर्टात गेली आणि त्याच वर्षी खालच्या न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. म्हणून नियम लिहिण्याआधी वरच्या कायद्याने आपल्याला किती जागा ठेवली आहे ते वकिलाकडून तपासून घ्यावं.

आणखी एक: मसुद्यात मुलाला शिक्षा करणारं कलम कुणी घुसवत असेल तर विरोध करा. विकत घेणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराला दंड करून विक्रेता सुटतो. ज्याच्या हातात नफा आहे त्याच्याच हातात जबाबदारी हवी.

गल्ल्यामागून

शेवटच्या वाक्याला दुकानदार म्हणून माझी सही. फक्त एक विचारायचंय. परवाना न देता नुसती नोंदणी ठेवली तर नाही चालणार? स्कॉटलंडमध्ये तसंच आहे म्हणतात आणि नोंदणीला फी पण नाही.

जुना_तपासनीस

नोंदणी म्हणजे यादी मिळते, एवढं खरं. स्कॉटलंडने ती २०११ मध्ये सुरू केली आणि पुढे व्हेपही त्यात आणलं. वारंवार नियम मोडणाऱ्यावर तिथे विक्रीबंदीचा आदेश आणता येतो, पण त्यासाठी कौन्सिलला न्यायालयात अर्ज करावा लागतो. म्हणजे मुभा काढून घ्यायची तर पुरावे जमवून कोर्टाची पायरी चढण्याचा भार सरकारवर. परवान्यात हे उलटं असतं. दरवर्षी नूतनीकरणाला दुकानदारच येतो आणि अटी पाळल्याचं दाखवतो. शिवाय फी नाही म्हणजे तपासणीचा पैसा दुसऱ्या कुठल्यातरी खात्यातून मागायचा, आणि काटकसरीच्या वर्षी तोच पहिला कापला जातो. यादी नसण्यापेक्षा नोंदणी बरी. पण परवाना आणता येत असेल तर नोंदणीवर थांबू नये.

रानजाई

तुम्हा सगळ्यांच्या मुद्द्यांवरून हरकती-सूचनांचा एक नमुना तयार करतेय. कुणालाही आपापल्या ठिकाणी वापरता यावा. व्याख्या, मोजमाप, हस्तांतरणबंदी, तपासणीच्या खर्चावरून फी, मालकाच्या नावावर जबाबदारी, तारखेची पाटी हे घेतलंय. एका जागी अडलेय. "३० दिवस निलंबन" असं लिहिलं तर त्या ३० दिवसांत दुकानातल्या मालाचं काय करायचं? तो काउंटरमागे तसाच दिसत राहिला तर?

जुना_तपासनीस

तसाच राहिला तर विकला जाणार, हे धरूनच चाला. निलंबनाच्या कलमात हे शब्द घाला: निलंबन सुरू होण्याआधी सगळा तंबाखू आणि व्हेपचा माल विक्रीच्या जागेतून हलवायचा, नुसता पडदा टाकून झाकायचा नाही, तंबाखूच्या सगळ्या जाहिराती उतरवायच्या, दर्शनी दारावर, ठरलेल्या आकारात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कशामुळे विक्री बंद आहे याची सूचना लावायची, आणि त्या काळात माल मांडलेला आढळला तर तो विक्रीच मानला जाईल.

हे शेवटचं कलम विसरू नका. ते नसलं की निलंबनाच्या काळात प्रत्यक्ष विक्री पकडायला पुन्हा स्वयंसेवक पाठवावा लागतो. ते असलं की तपासनीस दारातून आत येऊन फळीकडे बघतो आणि तिथेच अहवाल लिहितो. आणि निलंबन दुकानदाराच्या सोयीच्या महिन्यात ढकलता येणार नाही, आदेशानंतर ठरावीक दिवसांत सुरू झालंच पाहिजे, हेही त्याच कलमात लिहा. नाहीतर सगळी निलंबनं मंदीच्या महिन्यात जाऊन बसतात.